मुलांना न्यायचं की आईवडिलांनाच घराबाहेर पाठवायचं? (क्री समाजाची स्वतःची बालसेवा)

मेधा_रिजायना

मंडळी, एका विषयावर तुमची मतं हवी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: मला ही पद्धत बरोबर वाटते.

कॅनडात मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेला नेल्सन हाउस नावाचं गाव आहे, थॉम्पसन या निकेलच्या खाणींच्या शहरापासून पश्चिमेला साधारण ८० किलोमीटर. तिथे निसिचावायासिक क्री नेशनचे लोक राहतात. क्री हा कॅनडातला एक मोठा आदिवासी समाज. घरात दारू, मारहाण, मुलांची आबाळ असं काही कळलं की इतर ठिकाणी बालसेवेची माणसं येतात आणि मुलांना घेऊन जातात. नेल्सन हाउसच्या लोकांनी या शतकाच्या सुरुवातीलाच याच्या उलट करायचं ठरवलं. मुलं घरातच राहतात, घर सोडायला सांगतात ते आईवडिलांना. मुलांजवळ आजी, मावशी, काका असं कुणीतरी येऊन राहतं. नात्यातलं कुणी मिळालं नाही तर संस्थेची कार्यकर्ती राहते. मुलांची शाळा तीच, अंथरूण तेच, दारातला कुत्रा तोच. आईवडिलांनी व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायचे, समुपदेशनाला जायचं आणि मग परत यायचं.

मी इथे रिजायनात एका शाळेत मदतनीस आहे. वर्गातली काही मुलं फॉस्टर घरांतून (बालसेवेने मूल तात्पुरतं सांभाळायला दिलेल्या घरांतून) येतात आणि त्यांतली बरीचशी क्री, सोतो किंवा मेटी या आदिवासी समाजांतली असतात. एखादं मूल सोमवारी अचानक दिसेनासं होतं, कारण त्याचं घर बदललेलं असतं. वही बाकातच राहते. हे बघूनच मी या विषयावर वाचायला लागले. तुम्हाला काय वाटतं? आणि अशा सेवा कुणी चालवाव्यात, सरकारने की त्या त्या समाजाने?

-----

घाटमाथ्यावरचा_निनाद

कल्पना चांगली वाटते. पण आईवडिलांना त्यांच्याच घरातून कुणी कसं काढू शकतं? कायद्यात बसतं का?

-----

मेधा_रिजायना

निनाद, रिझर्व्हवर, म्हणजे आदिवासी समाजासाठी राखलेल्या जमिनीवर, बहुतेक घरं कुटुंबाच्या मालकीची नसतात. बँड, म्हणजे त्या समाजाचं निवडून दिलेलं मंडळ, घरं वाटून देतं. त्यामुळे "या घरात सध्या मुलं राहतील, तुम्ही बाहेर राहा" असं सांगायचा अधिकार त्यांच्या हातात आहे. शहरातल्या भाड्याच्या घरात हे इतकं सोपं नाही.

-----

सुलभा_नाशिक

मी बरीच वर्षं बालकल्याण समितीच्या कामाशी जोडलेली होते. आपल्याकडच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही लिहिलेलं आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि मुलाला लवकरात लवकर त्याच्या कुटुंबाकडे परत पोचवायचं. कागदावर आहे. पण घरातल्या भांडणातून बाहेर आणलेलं मूल पहिल्याच रात्री विचारतं, "माझं काय चुकलं?" त्याच्या हिशेबात शिक्षा त्याला झालेली असते. घरातून त्याला काढलेलं असतं, मारणाऱ्याला नाही.

म्हणून नेल्सन हाउसची पद्धत मला मनापासून पटली. घरातून जातो तो मोठा माणूस. मुलाला निदान एवढं तरी कळतं की चूक माझी नव्हती.

-----

टोरांटोचा_शशी

इथल्या भारतीय आईबापांना बालसेवेचं नाव काढलं तरी धडकी भरते. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन्ही मुलं नेली होती, आठवतं ना? मुलाला हाताने भरवणं, जवळ घेऊन झोपणं यावरही आक्षेप घेतल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॅप गटांवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी घाबरवणारा संदेश टाकतंच. त्यामुळे "मूल घरातच" या कल्पनेला माझा पाठिंबा.

-----

उत्तरायण

शशी, तुमची भीती मला समजते. मीही इथे वाढवलीत दोन मुलं. पण क्री आईची भीती आणि आपली भीती एका मापाची नाही. मी विनिपेगमध्ये परिचारिका आहे, प्रसूती विभागात काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी निवासी शाळा. सरकारच्या पैशावर चर्चने चालवलेल्या. दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवलं गेलं. भाषा बोललं की शिक्षा, केस कापलेले, भावंडं वेगळी केलेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे आज प्रसूतीला येणाऱ्या मुलीची आई त्या शाळेत गेलेली असू शकते. आजी तर बहुधा गेलेलीच.

या शाळा चालू असतानाच दुसरं सुरू झालं. १९५१ मध्ये इंडियन ॲक्टमध्ये दुरुस्ती होऊन प्रांतांचे कायदे रिझर्व्हवर लागू झाले, आणि प्रांतांचे समाजसेवक तिथे जाऊन मुलं काढून नेऊ लागले. घरात नळ नाही, मुलं आजीकडे राहतात, फडताळात डबाबंद अन्न नाही, वाळवलेलं मांस आहे, एवढ्यावरून "आबाळ" ठरायची. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत साधारण २०,००० मुलं गोऱ्या कुटुंबांना दत्तक दिली गेली, काही तर अमेरिकेत. मेधाच्या सस्कॅचेवान प्रांतात १९६७ पासून अशा मुलांच्या दत्तकासाठी वर्तमानपत्रांत, टीव्हीवर फोटोंसकट जाहिराती यायच्या. मॅनिटोबात न्यायमूर्ती किमेलमन यांनी याची चौकशी केली आणि १९८५ च्या अहवालात या सगळ्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. एका न्यायाधीशाने, सरकारी अहवालात.

आणि हे जुनं झालं म्हणाल तर आमच्या दवाखान्यांत २०२० पर्यंत "जन्म-सूचना" यायच्या. बाळ जन्माला यायच्या आधीच बालसेवेकडून कागद यायचा की अमुक बाई आली की कळवा. आईला याचा पत्ता नसायचा. मॅनिटोबाने ही पद्धत १ जुलै २०२० ला बंद केली, सस्कॅचेवानने २०२१ च्या फेब्रुवारीत. अशा आईच्या खोलीत शिरताना तिची नजर आपल्या गळ्यातल्या ओळखपत्रावर जाते. ही कोण आहे, नर्स की ती दुसरी, हे ती आधी बघून घेते.

-----

रानपाखरू

वाचून सुन्न झाले. जन्म-सूचनांचं पहिल्यांदाच कळलं.

-----

बोरीबंदर

कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेतला आकडा इथे ठेवतो. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये आदिवासी मुलं ७.७ टक्के. फॉस्टर घरांतल्या मुलांमध्ये ५३.८ टक्के.

-----

घाटमाथ्यावरचा_निनाद

बोरीबंदर, आकडा भयंकर आहे. पण एक प्रश्न विचारतोच, राग मानू नका. निवासी शाळा बंद झाल्या, दत्तक देणं थांबलं. मग आज इतकी मुलं का? घरांत खरोखरच अडचण आहे म्हणूनच ना? इतिहासावर बोट ठेवून आजच्या दारूड्या बापाला मोकळं सोडता येणार नाही.

-----

उत्तरायण

निनाद, राग कसला. हाच प्रश्न इथल्या लोकांनी मानवी हक्क न्यायाधिकरणात नेला होता.

फर्स्ट नेशन्सची, म्हणजे क्रींसारख्या आदिवासी समाजांची, मुलं जास्त का नेली जातात याचा अभ्यास झाला आहे. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार हे मुख्य कारण नाही, मुख्य कारण आहे हेळसांड. आणि ही हेळसांड कशातून येते ते बघायला गेलं की गरिबी, दोन खोल्यांत तीन कुटुंबं आणि व्यसन हेच पुढे येतं. व्यसनावर उपचार करायचे तर केंद्र शेकडो किलोमीटर लांब.

आता पैशाचं बघा. रिझर्व्हवरच्या बालसेवेला पैसे देतं केंद्र सरकार. मूल घरातून काढलं की त्याच्या राहण्याखाण्याचा जो काही खर्च होईल तो सगळा मिळायचा. पण मूल घरातच राहावं म्हणून आईला मदत करायची, घर दुरुस्त करायचं, आजीला थोडा आधार द्यायचा, तर त्याला बांधील, तुटपुंजी रक्कम. शिवाय जुन्या सूत्रात धरून चाललेलं होतं की कुठल्याही समाजातली ६ टक्के मुलं सरकारी ताब्यात असतील! २००७ मध्ये आदिवासी मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांची संस्था आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स ही राष्ट्रीय संघटना यांनी मानवी हक्क कायद्याखाली तक्रार केली. २६ जानेवारी २०१६ ला निकाल लागला: हा भेदभाव आहे, आणि ही पैशाची रचनाच मुलं काढून न्यायला उत्तेजन देते. पुढे भरपाईसाठी २३ अब्ज डॉलरहून मोठी तडजोड झाली, २०२३ मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली.

तेव्हा दारूड्या बापाला मोकळं कुणी सोडत नाहीये. नेल्सन हाउसमध्ये तर त्यालाच घर सोडावं लागतं. प्रश्न एवढाच आहे की त्याला सुधारायला पैसे का नव्हते आणि त्याचं मूल परक्याकडे ठेवायला मात्र का होते.

क्री समाजातल्या एका मुलाचं नाव इथे घ्यायलाच हवं. जॉर्डन रिव्हर अँडरसन, नॉर्वे हाउस क्री नेशनचा. १९९९ मध्ये गंभीर आजार घेऊन जन्मला. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही. पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने द्यायचा की प्रांताने, यावर दोन वर्षांहून जास्त काळ वाद चालला. पाच वर्षांचा असताना, २००५ मध्ये, तो विनिपेगच्या रुग्णालयातच वारला. एकदाही घरी न जाता. २००७ च्या डिसेंबरमध्ये संसदेने ठराव केला: आधी मुलाला सेवा द्या, बिल कुणाचं ते नंतर ठरवा. त्याला त्याच्याच नावाने जॉर्डनचं तत्त्व म्हणतात.

-----

टोरांटोचा_शशी

हा जॉर्डन नॉर्वेचा होता का? मग मॅनिटोबात कसा?

-----

बोरीबंदर

शशीभाऊ, नॉर्वे हाउस हे विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाजवळचं गाव. नॉर्वेहून सुतार आणून तिथे काम करवून घेतलं होतं म्हणतात, त्यावरून नाव पडलं. तुमचा व्हॉट्सॅप गट काही तुम्हाला नॉर्वे विसरू देत नाही :)

-----

टोरांटोचा_शशी

हाहा, खरं आहे. जॉर्डनचं वाचून मात्र पोटात कालवलं.

-----

ॲड_मुग्धा

मेधाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: कुणी चालवाव्यात.

मॅनिटोबात क्री संस्था १९८० च्या दशकापासून आहेत. उत्तरेतल्या क्री गावांसाठी अवासिस नावाची संस्था तेव्हाच उभी राहिली. पण या संस्था प्रांताच्या कायद्याखाली काम करायच्या. माणसं आपली, नियम दुसऱ्याचे. क्री कार्यकर्तीला क्री घरात जाऊन प्रांताचाच फॉर्म भरावा लागायचा. समाजाने चालवलेल्या संस्था असूनही मुलांचे आकडे का उतरले नाहीत, त्याचं मोठं कारण हे आहे.

बदल झाला तो केंद्राच्या सी-९२ कायद्याने. २०१९ च्या जूनमध्ये मंजूर, १ जानेवारी २०२० पासून लागू. त्याने मान्य केलं की मुलं आणि कुटुंबं यांविषयी कायदे करण्याचा अधिकार फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तिन्ही आदिवासी गटांना मुळातच आहे, कुणी तो दिलेला नाही. समाजाने स्वतःचा कायदा केला, केंद्र आणि प्रांताशी समन्वय करार करायचा एक वर्ष मनापासून प्रयत्न केला, तर करार होवो न होवो, तो कायदा केंद्राच्या कायद्याइतक्या ताकदीचा ठरतो आणि प्रांताच्या कायद्याच्या वर बसतो.

त्यातल्या दोन तरतुदी इथल्या चर्चेशी थेट जोडलेल्या आहेत. केवळ गरिबी, अपुरं घर किंवा आईवडिलांची तब्येत एवढ्या कारणावरून मूल काढता येणार नाही. आणि काढावंच लागलं तर कुणाकडे द्यायचं याचा क्रम ठरलेला: आधी आई किंवा वडील, मग नात्यातलं मोठं माणूस, मग त्याच समाजातलं, मग दुसऱ्या आदिवासी समाजातलं, आणि अगदी शेवटी इतर कुणी.

क्वेबेक सरकारने या कायद्याला आव्हान दिलं होतं. ९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो पूर्ण वैध ठरवला.

-----

मेधा_रिजायना

मुग्धा, किती नीट सांगितलंस. यातला पहिला समन्वय करार आमच्या सस्कॅचेवानमध्येच झाला. कावेसेस फर्स्ट नेशन, रिजायनाच्या पूर्वेला. तिथे क्री आणि सोतो दोन्ही लोक आहेत. त्यांनी स्वतःचा कायदा केला, मियो पिमातिसोविन कायदा, आणि चीफ रेड बेअर चिल्ड्रन्स लॉज ही संस्था उभी केली. तेव्हाचे चीफ (समाजाचे निवडून आलेले प्रमुख) कॅडमस डेलॉर्म यांनी ६ जुलै २०२१ ला पंतप्रधान ट्रूडो आणि प्रांताचे प्रमुख स्कॉट मो यांच्याबरोबर सह्या केल्या. पहिल्या दोन वर्षांसाठी ३.८७ कोटी डॉलर.

तो काळ आठवतो. त्याच्या आधी दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, याच कावेसेसने मारिव्हलच्या जुन्या निवासी शाळेजवळच्या दफनभूमीत ७५१ बिननावाच्या कबरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं होतं. त्या शाळांत गेलेल्या मुलांच्या आठवणीत रस्तोरस्ती नारिंगी सदरे, पायऱ्यांवर लहान मुलांचे बूट. आणि त्याच गावाने तेवढ्यात उभं राहून सांगितलं की आमची मुलं आता आम्ही बघू. १९५१ नंतर पहिल्यांदा.

शेजारच्या अल्बर्टा प्रांतात मास्क्वासिसच्या लुई बुल या क्री समाजाने २०२३ मध्ये असाच करार केला.

-----

घाटमाथ्यावरचा_निनाद

अधिकाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी शंका वेगळी आहे. लहान गावात सगळे सगळ्यांचे नातेवाईक. कार्यकर्ती, मंडळातला सभासद आणि मारणारा काका एकाच घरातले असू शकतात. मग तक्रार कोण करणार? अल्बर्टात २०१४ मध्ये चार वर्षांची एक मुलगी नातेवाइकांकडे ठेवली असताना वारली. त्यावर पुढे सर्वपक्षीय समिती नेमावी लागली. नात्यातलं घर म्हणजे सुरक्षित घर, हे मला मान्य नाही.

-----

उत्तरायण

ते प्रकरण मला माहीत आहे, आणि त्याची आठवण काढलीत ते योग्य केलंत. पण त्यात ठेवण्याचा निर्णय प्रांताच्या यंत्रणेचा होता. आमच्याकडे मॅनिटोबात २००५ मध्ये पाच वर्षांची एक मुलगी आई आणि सावत्र बापाच्या हातून मारली गेली आणि नऊ महिने कुणाला कळलंही नाही. तिची फाइल विनिपेगच्या सरकारी बालसेवेने "धोका नाही" म्हणून बंद केली होती. मुलीला प्रत्यक्ष न बघता. चौकशीचा अहवाल २०१४ च्या जानेवारीत आला.

-----

सुलभा_नाशिक

निनाद आणि उत्तरायण, तुम्ही दोघंही एकच गोष्ट सांगताय असं मला वाटतं. मूल कुणाकडेही असो, कुणीतरी दर थोड्या दिवसांनी जाऊन त्याला डोळ्यांनी बघितलं पाहिजे, एकटं बसवून बोललं पाहिजे. आमच्या कामात सगळ्यात जास्त घोटाळे व्हायचे ते भेट न देता शेरा मारण्यातून. नातेवाइकाकडे ठेवलं की यंत्रणा निर्धास्त होते, "घरचंच तर आहे". आणि नातेवाइकाला मदतही कमी देते. थकलेली आजी, चार नातवंडं, पैसे नाहीत, विचारायला कुणी नाही. तिथे मुलांची आबाळ होणारच.

लहान गावाचा एक फायदाही आहे. शहरातला समाजसेवक पाचला घरी जातो. गावात शेजारणीला रात्री दोन वाजताही कळतं की त्या घरात आरडाओरडा चाललाय. तिने उठून जावं यासाठी तिला भरवसा हवा की मी कळवलं तर मुलांना कुणी कायमचं नेणार नाही. तो भरवसा नसेल तर शेजारीण गप्प बसते. या मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

-----

घाटमाथ्यावरचा_निनाद

सुलभाताई, शेवटचा परिच्छेद पटला. तपासणी समाजाबाहेरच्या कुणीतरीही करावी हे माझं म्हणणं मात्र कायम.

-----

अनघा_मॉन्ट्रियाल

क्वेबेकमधल्या क्री लोकांची वाट वेगळी आहे, ती सांगते. जेम्स बेच्या वीज प्रकल्पाने त्यांच्या नद्या अडवल्या, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि त्यातून १९७५ चा करार झाला. त्या करारातून त्यांना स्वतःचं शाळा-मंडळ आणि स्वतःचं आरोग्य व समाजसेवा मंडळ मिळालं. मुख्य कार्यालय चिसासिबीत, आणि नऊ गावं त्याखाली. बालसंरक्षण याच मंडळाकडे. कायदा मात्र क्वेबेकचाच वापरतात, आणि न्यायालय विमानाने गावोगाव फिरतं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जे मिळवलं त्यातही मुग्धा म्हणते तो "नियम दुसऱ्याचे" हा भाग राहिलाच.

पण तिथल्या गोष्टी बघून मला फार बरं वाटलं. वसंतात जंगली हंस परत येतात तेव्हा शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, सगळं गाव रानात तळावर जातं. फॉस्टर घरातलं मूलही कुणा ना कुणाच्या तळावर जातं. आणि नुकतं चालायला लागलेल्या बाळाचा एक सोहळा असतो: पहाटे तंबूच्या दारातून बाळाला बाहेर चालवत नेतात, त्याआधी बाळाचे पाय बाहेरच्या जमिनीला लागू देत नाहीत. मुलाच्या हातात खेळण्यातली बंदूक, मुलीच्या हातात छोटी कुऱ्हाड. झाडाला वळसा घालून परत यायचं आणि आजी-आजोबांना मिठी मारायची. शहरातल्या फॉस्टर घरात वाढलेल्या बाळाचा हा सोहळा कोण करणार?

-----

रानपाखरू

किती गोड! मुलीच्या हातात कुऱ्हाड हे विशेष आवडलं.

-----

बोरीबंदर

हंसांच्या सुट्टीसाठी मी पुन्हा शाळेत जायला तयार आहे. खायला काय असतं तळावर?

-----

अनघा_मॉन्ट्रियाल

शेकोटीवर दोरीला टांगून फिरवत भाजलेला हंस आणि बॅनक, म्हणजे मैद्याचा जाड रोट. चहा कायम उकळत असतो. आपल्या माणसांना जमेल :)

-----

रानपाखरू

विषयावर परत येते. नेल्सन हाउसमध्ये आईवडिलांना बाहेर काढलं तर ते जातात कुठे? मॅनिटोबाच्या उत्तरेत हिवाळ्यात उणे ३५ असतं. आणि घरांची टंचाई आहे असं वरती लिहिलंय.

-----

उत्तरायण

रानपाखरू, हा या धाग्यातला सगळ्यात कठीण प्रश्न आहे. साधारणपणे नातेवाइकांकडे, किंवा उपचाराला गेले असतील तर केंद्रात. पण जिथे एकेका घरात दहा-बारा माणसं आहेत तिथे बाहेर काढलेल्या बापाला झोपायला जागा देणं म्हणजे दुसऱ्या घरात गर्दी, आणि कधीकधी दुसऱ्या मुलांना धोका. म्हणून मी म्हणते की मुलांचा प्रश्न हा घरांचाही प्रश्न आहे. नेल्सन हाउसच्या लोकांची जमीन सत्तरच्या दशकात चर्चिल नदी वळवून धरणांसाठी बुडवली गेली. शिकार, मासेमारी, कमाई गेली. गरिबी आली ती अशी.

सी-९२ मध्ये अधिकार आहे, पण पैशाची हमी कलमात लिहिलेली नाही. प्रत्येक समाजाने वाटाघाट करून मिळवायचे. मॅनिटोबात तर उलटा कारभार होता: बालसेवेच्या ताब्यातल्या मुलांसाठी केंद्राकडून येणारा भत्ता प्रांत दहा वर्षांहून जास्त काळ स्वतःकडे ओढून घेत होता. २०२२ मध्ये न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि २०२४ मध्ये ५३ कोटी डॉलरची तडजोड झाली. ते पैसे त्या मुलांचे होते. त्यांतली कितीतरी आज मोठी होऊन विनिपेगच्या रस्त्यांवर झोपतात. यावर मला शांतपणे लिहिता येत नाही, क्षमा करा.

-----

बोरीबंदर

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅल्गरीत फर्स्ट नेशन्सच्या चीफ मंडळींनी बालसेवा सुधारण्यासाठीचा ४७.८ अब्ज डॉलरचा प्रस्तावसुद्धा नामंजूर केला होता ना? इतकी मोठी रक्कम नाकारली याचं तेव्हा आश्चर्य वाटलं होतं.

-----

ॲड_मुग्धा

हो. तो दहा वर्षांपुरता होता, आणि न्यायाधिकरणाने दिलेलं संरक्षण त्यानंतर टिकेल का, याची अनेकांना खात्री नव्हती. समाजांना नीट विचारलंही नव्हतं अशी तक्रार होती. ज्यांच्या मुलांचा प्रश्न आहे त्यांनी घाई नाकारली, मला त्यात समजूतदारपणा दिसतो.

-----

सस्काटूनची_जोडी

आम्ही आतापर्यंत फक्त वाचत होतो. आम्हा दोघांना मूल नाही, फॉस्टर पालक व्हायचा विचार बरेच दिवस चालू आहे. वरचा क्रम वाचून वाटलं की आपण अगदी शेवटचे. मग अर्ज करावा की करू नये? क्री मुलांसाठी आमचं घर चुकीचं ठरेल का?

-----

ॲड_मुग्धा

क्रमात शेवटी आहात, आणि ते योग्यच आहे. पण अर्ज जरूर करा. मध्यरात्री मुलाला कुठेतरी ठेवावं लागतं आणि मावशी दोनशे किलोमीटरवर असते, तेव्हा आठ-पंधरा दिवसांसाठी घरं लागतात. दमलेल्या आजीला शनिवार-रविवार विसावा हवा असतो, त्यासाठीही लागतात. आणि मूल तुमच्याकडे असेल तोवर त्याला नात्यातल्या माणसाकडे देता येईल का, हे यंत्रणेने पुन्हा पुन्हा तपासायचं असतं. म्हणजे मूल परत जाणार हे मनाशी धरूनच दार उघडा. दत्तक घेण्याच्या आशेने या वाटेला जाऊ नका.

-----

उत्तरायण

आणि भावंडांना एकत्र ठेवायला जागा असेल तर अर्जात ठळक लिहा. तीन भावंडं तीन घरांत हे मी फार पाहिलं आहे. मुलाच्या आजीचा फोन आला की तो उचलत जा, रात्रीसुद्धा. केस लांब असतील तर विचारल्याशिवाय कापू नका, मुलग्यांचेही. निवासी शाळांत पहिलं काम तेच करायचे.

-----

सस्काटूनची_जोडी

केसांचं कुणी सांगितलं नसतं तर आमच्या लक्षातही आलं नसतं. ही तीनही वाक्यं लिहून ठेवली.

-----

मेधा_रिजायना

जोडी, अर्ज करण्याआधी सप्टेंबरमध्ये फोर्ट क्वापेलला या. १५ सप्टेंबर १८७४ ला तिथे क्री, सोतो वगैरे समाजांचा ब्रिटिश राजसत्तेशी चौथा तह झाला, त्याच्या आठवणीत दरवर्षी मेळावा भरतो. पॉवाव, म्हणजे आदिवासी नाच-गाण्यांचा सोहळा, असतो, शाळांची मुलं येतात, बाहेरच्यांनाही मोकळेपणाने बसता येतं. समाजाच्या बालसेवेत काम करणाऱ्या बायकांशी तिथे निवांत बोलता येईल. तुम्हाला काय करता येईल हे त्या माझ्यापेक्षा फार चांगलं सांगतील. सस्काटूनहून साधारण तीन तासांचा रस्ता आहे, रिजायनात आमच्याकडे मुक्काम करा.

निनाद, बाहेरच्या तपासणीचा तुमचा मुद्दा मला अजून नीट उलगडायचा आहे. बाहेरची म्हणजे प्रांताची, की दुसऱ्या एखाद्या फर्स्ट नेशनची? दुसरी मला मान्य होईल. पहिली इथल्या किती आयांना मान्य होईल, शंका आहे.

-----

घाटमाथ्यावरचा_निनाद

दुसरी चालेल. दुसऱ्या क्री गावातल्या, नात्याबाहेरच्या, अनुभवी बाईने दर महिन्याला यावं आणि मुलांशी एकटीने बोलावं. एवढं झालं तर माझी हरकत उरत नाही.